मापावरची शीग

पानगळ सुरू झाली की माझं डोकं तापतं. घरच्यांना हे ठाऊक आहे. पौष लागला की सुना भांडी आवाज न करता ठेवतात आणि मिलमधला मुनीम माझ्यासमोर यायचं टाळतो. तसं पाहिलं तर चंद्रपुरात पानगळ दिसतच नाही. कोळशाच्या भुकटीखाली इथली झाडं बाराही महिने एकाच रंगाची असतात. पण अहेरीकडून येणाऱ्या एखाद्या ट्रकच्या ताडपत्रीत सागाचं वाळकं पान अडकून येतं, आमच्या फाटकात गळून पडतं, हमालाच्या पायाखाली पापडासारखं चुरतं. मला तेवढा आवाज पुरतो.

यंदा त्यात नव्या डॉक्टरची भर पडली. मला साखरेचा आजार आहे. थोरला पोरगा मला त्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा, गोड बोलणारा. म्हणाला, "आजोबा, रोज सकाळी चालायचं. आणि भात दोन्ही वेळा एकेक वाटी. वाटी सपाट हं, शीग नको." असं म्हणून त्याने हवेतल्या वाटीच्या काठावरून बोट फिरवलं. मी उठलो आणि चपला न घालताच बाहेर आलो. पोरगा चपला हातात घेऊन मागून धावत आला. "बाबा, तो तुमच्या भल्याचंच सांगून राह्यला ना! काऊन असे करता?"

भल्याचं सांगणाऱ्या माणसाचा मला राग येतो, हे त्याला कसं सांगू? मी आयुष्यात चोर पाहिले, लुटारू पाहिले, खोटी मापं ठेवणारे पाहिले. त्यांच्याशी भांडता येतं, त्यांना धरता येतं. माझ्या डोळ्यांदेखत जे सगळ्यात वाईट घडलं ते मात्र एका सज्जन माणसाने केलं, आणि तो अखेरपर्यंत सज्जनच राहिला.

तेव्हा चंद्रपूरचं नाव चांदा होतं आणि चांदा मध्य प्रदेशात होता. गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. ते आमच्याच जिल्ह्याचं जंगल होतं. मी मूळचा पोंभुर्ण्याकडचा. बाप लवकर गेला. डोक्यावर मिठाचं पोतं घेऊन मी गावोगाव हिंडलो. मीठ द्यायचं, मोह नाहीतर चारोळी घ्यायची. शाळा नाही, ओळख नाही, मागे कोणी नाही. एक जीभ होती. घासाघीस करण्यात माझ्यापुढे कोणी टिकलं नाही आणि माझ्याशी मोठ्या आवाजात बोलून कोणी सुखाने घरी गेलं नाही. तिशी यायच्या आत अहेरीच्या बाजारात माझं तांदळाचं दुकान उभं राहिलं, आणि प्राणहिता नदीच्या अलीकडे एका मोठ्या कूपात, म्हणजे सरकारने तोडीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, मजुरांना तांदूळ मोजून द्यायचा मक्ता मला मिळाला. ठेकेदार नागपूरचा. मजूर बहुतेक गोंड, बायकापोरांसह आलेले, पानांच्या झोपड्या बांधून राहिलेले. मजुरीतला मोठा हिस्सा तांदळात मिळायचा.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. ताज्या तोडलेल्या सागाला ओल्या चामड्यासारखा तुरट वास येतो. त्यात आंबिलीचा आंबूस वास मिसळायचा आणि बैलांच्या शेणाचा. दिवसभर कुऱ्हाडींचे आवाज, मग एक लांब करकर, मग झाड पडायचं आणि क्षणभर पाखरंही गप्प व्हायची. तोडलेले ओंडके खांद्यावर घेऊन माणसं उतारावरून गाडीवाटेपर्यंत आणायची. मोठ्या ओंडक्याला दोन्हीकडे माणसं; पोर नसलेला, पोट नसलेला, फक्त खांदे असलेला असा एक प्राणी चालतोय असं वाटायचं. वाळक्या पानांवर त्या पावलांचा आवाज यायचा. जंगल झडून इतकं उघडं झालेलं असायचं की अर्ध्या कोसावरचं ओझंही दिसायचं.

तांदूळ बाजाराच्या दिवशी मोजायचा. माप लाकडी, काळं पडलेलं. मी ते तांदळात खुपसून भरायचो आणि वर हाताने आणखी ओतायचो. तांदूळ काठाच्या वर डोंगरासारखा उभा राहायचा आणि कडेने ओघळायला लागला की थांबायचं. ही शीग. आमच्याकडे माप म्हणजे शीग धरूनच माप. सपाट माप देणाऱ्याच्या दारात कुत्रं बसत नाही असं म्हणायचे.

रैनू हा त्या कूपातल्या ओझेकऱ्यांचा पुढारी. रुंद, बुटका, पाय झाडाच्या बुंध्यासारखे. मी मिठाचं पोतं घेऊन त्याच्या गावात पहिल्यांदा गेलो तेव्हापासून तो मला भाऊ म्हणायचा. त्याची बायको सोमी तांदूळ न्यायला दोन टोपल्या आणायची, एक मोठी आणि एक छोटी. माप तिच्यापुढे ठेवलं की ती आधी शीग तळव्याने छोट्या टोपलीत ओढून घ्यायची, मग उरलेलं माप मोठ्या टोपलीत ओतायची. सगळ्याच बाया तसं करत. मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. विचारलं तर सोमी म्हणाली, "आतला खांद्याचा, भाऊ. वरचा लेकरायचा."

म्हणजे मापातला भात ओझं वाहणाऱ्याचा आणि काठावरच्या शिगेची आंबील पोरांची. त्यांचा तो नियमच होता. त्यामुळे शिगेवर बायांची नजर फार कडक.

"भाऊ, आज तुह्या मापाले ताप आला काय? शीग बसूनच गेली."

"तुझी टोपली मोठी झाली, सोमी. दर आठवड्याले नवी विणते का?"

"टोपली नाई वाढली. मैनी वाढली."

मैनी तिची धाकटी. तीन-चार वर्षांची असेल. पावसाळ्यानंतर तिला ताप येऊन गेला होता, पाय काडीसारखे झाले होते, आणि आता कुठे ती झोपडीपासून माझ्या पोत्यांपर्यंत चालत यायला लागली होती. छोट्या टोपलीतला तांदूळ कच्चाच तोंडात टाकायची. सोमी तिच्या हातावर मारायची आणि मग स्वतःच दोन दाणे द्यायची.

प्रोफेसर आले ते त्या वर्षीच्या पानगळीत. नागपूर विद्यापीठाचे, शरीरशास्त्राचे. बरोबर दोन विद्यार्थी, तंबू, पेट्या, काचेच्या नळ्या, घड्याळं आणि रबराच्या दोन पिशव्या, भिश्तीच्या पखालीएवढ्या. खादीचा सदरा, उकळलेलं पाणी, तोंडात कधी वाईट शब्द नाही. आल्या आल्या त्यांनी तापाने पडलेल्यांना गोळ्या वाटल्या. मैनीला पुन्हा ताप आला होता, तोही त्यांच्या गोळ्यांनी उतरला. हे मी लपवत नाही. ठेकेदाराने त्यांची बडदास्त ठेवली. कोंबड्या, तूप, नदीपलीकडून आणलेले मासे. प्रोफेसर मासे खात नव्हते. विद्यार्थी खात होते.

मजूर माझं ऐकत, म्हणून त्यांनी मला बोलावलं. माझ्याशी नीट बोलले, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "शेटजी, माणसाचं शरीर म्हणजे इंजिन. चांद्याच्या खाणी तुम्ही पाहिल्यात. इंजिन किती कोळसा खातं आणि किती ओढतं हे आपल्याला माहीत असतं. पण जंगलात ओझं वाहणाऱ्या माणसाला किती अन्न लागतं हे आपल्या देशात कोणी मोजलेलंच नाही. आम्ही त्याचा श्वास मोजणार. जेवढा श्वास, तेवढं जळण. जेवढं जळण, तेवढं अन्न." मला ते पटलं. माणसं देतो म्हटलं, पण ज्याला मोजाल त्याचा त्या दिवसाचा रोज कापायचा नाही, ही अट मी घातली आणि ठेकेदाराकडून वदवून घेतली. मला वाटलं, बरं झालं. हे किती खपतात ते एकदा सरकारी कागदावर येऊ दे, म्हणजे शिगेवर आणखी एक शीग मागता येईल. माझा तांदूळ जास्त खपला असता हेही खरंच. मी व्यापारी आहे. धर्मात्मा असल्याचं सोंग मी कधी आणलं नाही.

मग ते चालू झालं. आधी माणसाचं वजन करून त्याला उपाशीपोटी खाटेवर निजवायचं. मग रबरी पिशवी पाठीवर बांधायची, नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि खांद्यावर ओंडका. माणूस गाडीवाटेकडे चालू लागला की एक विद्यार्थी घड्याळ घेऊन मागे. पिशवी हळूहळू फुगायची. वाळक्या पानांतून पाठीवर कुबड वाढत जाणारी ती माणसं चालली की बायका पदर तोंडावर धरून बघायच्या, पोरं रडायची. विद्यार्थी हसायचे. नळी तोंडात असल्यामुळे लाळ गळायची, आणि एकाने त्यावरून काहीतरी विनोद केला होता, तो मला आठवतो पण इथे सांगत नाही. खाली पोचल्यावर पिशवी सोडवून तंबूत न्यायची. आत काय करत ते मजुरांना दिसत नव्हतं.

एका दुपारी प्रोफेसरांनी ठेकेदाराला आणि मला बोलावलं. चेहरा आनंदाने फुललेला. "विलक्षण आहे," ते म्हणाले. "हे लोक आपल्यापेक्षा फारच थोड्या श्वासावर काम करतात. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहून यांचं शरीर काटकसरी झालंय. आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी कमी अन्नात यांचं भागतं. तुम्ही देता तो तांदूळ गरजेहून जास्त आहे."

ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. तो मला चारचौघांत मीठवाला म्हणायचा. "सुना, मीठवाले? साइन्स बोल रहा है."

पुढच्या बाजाराच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस हातात लाकडी पट्टी घेऊन माझ्या पोत्याशी येऊन उभा राहिला. मी माप भरलं, शीग चढवली. त्याने पट्टी काठावरून ओढली. शीग पोत्यात पडली. सोमीने सवयीने तळवा पुढे केला होता. तो सपाट मापावरून घसरत गेला. तिने हात मागे घेतला, तळव्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी पट्टी हिसकावून गुडघ्यावर मोडली. त्याच्याकडे दुसरी होती.

तो दिवस आठवला की आजही माझी कानशिलं उडतात. आठ दिवस मी ठेकेदाराशी भांडलो, शिव्या दिल्या, खाल्ल्या. मग एका सकाळी आंबिलीच्या गाडग्याजवळ रैनू एकटा बसला होता. मी त्याच्यावरच उखडलो. "तुम्ही साले एवढं ओझं उचलता, आन् श्वास बाईच्या हुंदक्याएवढा? काय करत होते बे तुम्ही?"

रैनू काडीने जमीन उकरायला लागला. मग म्हणाला, "भाऊ, तुले सांगतो. कोनाले सांगू नको. आमी सोडतच नोहतो."

"काय सोडत नव्हते?"

"श्वास. नळीत थोडासाच सोडाचा. बाकी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. मागचा पोट्टा घडी पाहे, तोंड नाई पाहे. साऱ्याइनं तसंच केलं. म्याच सांगतलं होतं."

"काऊन?"

"आमच्यात मानूस मेला की त्याचा जीव नदीवरून घरी आनतेत. आनाच लागते, नाई तं तो भटकते. अन् हे पिशवीत भरून नागपूरले नेतेत. मेल्यावर आमी घरी काय आनाचं, भाऊ? अर्धा नागपूरले, अर्धा इथी?"

मी त्याला हसलो नाही. आता म्हातारपणी, मागच्या वर्षी, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मलाही चालत्या पट्ट्यावर उभं केलं होतं, तोंडाला नळी लावली होती, आणि एक पोरगी सांगत होती, "पूर्ण सोडा, आजोबा, अजून, अजून सोडा." मी शेवटच्या कणापर्यंत सोडला. ज्याच्या घरात तांदळाची मिल आहे त्याला श्वास राखून ठेवायची गरज काय? राखतो तो, ज्याच्याकडे तेवढंच आहे.

मी रैनूला तसाच उठवून प्रोफेसरांच्या तंबूत नेलं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "शेटजी, तुम्ही तांदळाचे व्यापारी. तुम्ही असं म्हणणं स्वाभाविक आहे."

हेच ते वाक्य. याचं ओझं मी अजून उतरवलेलं नाही. शीग राहिली तर माझा फायदा, म्हणून माझं बोलणं खोटं. शीग गेली तर ठेकेदाराचा फायदा, आणि त्याचं मात्र शास्त्र! ज्याच्या कोंबड्या खायच्या, त्याचा स्वार्थ दिसत नाही. ज्याला खुर्ची दिली, त्याचा दिसतो. मी टेबलावर हात आपटला. काचेच्या नळ्या खणखणल्या. विद्यार्थी धावले. मग मीच आवाज खाली आणला, कारण भाव करताना ओरडणारा शेवटी हरतो. म्हटलं, "साहेब, या एका माणसाला पुन्हा मोजा. फक्त याला."

ते तयार झाले. म्हणाले, मोजू. रैनूचीही अट होती: पिशवी त्याच्यासमोर, इथेच जंगलात रिकामी करायची. प्रोफेसर हसून म्हणाले, "अरे, ती आम्ही नेहमी रिकामीच करतो. थोडा नमुना नळीत घेतो आणि बाकीचा यंत्रातून बाहेर सोडतो." त्यांनी एक भरलेली पिशवी तंबूबाहेर आणून दाखवली. तोंड उघडलं, दाबली, आणि तिच्यातून हवा फुसकन निघून समोरच्या वाळक्या पानांना हलवून गेली. रैनूच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. इतके दिवस ज्या भीतीने तो ओठ मुडपून ओझी वाहत होता ती एवढीशी होती. एवढंच जर पहिल्या दिवशी कोणी तंबूच्या बाहेर करून दाखवलं असतं! पण विचारायचं मजुरांना सुचलं नाही आणि सांगायचं प्रोफेसरांना.

ठरलेल्या सकाळी रैनू माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पायांत जोर नव्हता. आदल्या दिवशीची आंबील त्याने मैनीला पाजली होती. शीग गेल्यापासून छोटी टोपली रिकामीच होती. मी त्याला बसवलं आणि माझ्यासाठी शिजलेला भात आणि वरण त्याच्यापुढे ठेवलं. ओझं उचलायचं होतं त्याला. कोणीही हेच केलं असतं.

त्या दिवशी तो चालला तो बैलासारखा. श्वासाचा आवाज आम्हाला वरपर्यंत येत होता. पिशवी अशी फुगली की विद्यार्थ्याला दुसरी लावावी लागली. खाली पोचल्यावर रैनूने नळी काढली, माझ्याकडे बघून हसला. "सारा देऊन टाकला, भाऊ!"

प्रोफेसरांनी आकडा काढला. पुन्हा काढला. भुवया वर गेल्या. मग त्यांनी रैनूला सहज विचारलं, "तू सकाळी काही खाल्लंस का?"

रैनूला खोटं बोलता येत नव्हतं. जंगलातल्या माणसांची ही मोठी खोड. तो आनंदात होता. "हो जी. भाऊनं पोटभर जेऊ घातलं. वरन-भात."

प्रोफेसरांनी पेन्सिल खाली ठेवली. खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "शेटजी, हे तुम्ही काय केलंत? बाकी सगळे उपाशीपोटी मोजलेत. हा आकडा धरता येणार नाही."

"उपाशी माणूस ओझं वाहतो का, साहेब? तुम्ही जेवून वाहणाऱ्याचं अन्न ठरवणार, आन् मोजणार उपाशी?"

"नियम सगळ्यांना एक हवा. नाहीतर ते शास्त्र राहत नाही."

"मग उद्या उपाशी मोजा. सगळ्यांना परत मोजा!"

"आम्हाला परवा निघायचंय. आणि खरं सांगू? आता तुम्ही यांना शिकवलंय. आता हे मुद्दाम जास्त सोडतील."

मी त्यांच्या सदऱ्याला हात घातला. ठेकेदाराच्या माणसांनी मला बाजूला केलं. संध्याकाळपर्यंत माझा मक्ता गेला आणि कूपात पाय ठेवायची बंदी झाली. अहेरीतला दुसरा एक दुकानदार आला, सपाट मापाला तयार असलेला. त्याचं दुकान अजून आहे. पुढे त्याच्या घराशी आमची सोयरीक जुळत होती, मी मोडली.

लोक मला विचारतात, एवढं होतं तर स्वतःच्या दुकानातून चार पोती का नाही पाठवली? नाही पाठवली, आणि पाठवायची नव्हती. ठेकेदाराने खाल्लेली शीग मी भरून द्यायची म्हणजे त्याच्या ताटात तूप वाढायचं. हक्काचं माप भीक म्हणून मिळालं की ते पुन्हा हक्काचं होत नाही. हे मी बाजारात शिकलो. माझं चुकलं असं मला कोणी पटवून दिलेलं नाही.

कूपातलं पुढचं मला बाजारात येणाऱ्या बायांकडून कळायचं. काम कमी झालं नाही. एक ओंडका मागे राहिला नाही. हे ऐकून बाहेरच्याला वाटेल, प्रोफेसर बरोबरच होते. आतली गोष्ट अशी की सोमीने रैनूला आपला भात पोरीला द्यायची मनाई केली. "तू पडला तं आमी सारेच पडतो," ती म्हणाली. एक दिवस जरी ओझं टाकलं तरी नाव कटायचं आणि नाव कटलं की सपाट मापही नाही. तेव्हा मापातला भात पूर्ण खांद्याचा. रैनू जेवायला बसला की झोपडीकडे पाठ करायचा आणि भराभर गिळायचा, म्हणजे पोरांनी त्याचं तोंड हलताना पाहू नये. घराघरात तसंच चाललं होतं. खांदे जगवले जात होते. खांदेच तेवढे मोजले गेले होते.

पळस पेटून विझला, मोह गळून गेला, जंगल पार उघडं झालं. हंगाम संपायला आला तसा ठेकेदाराने निरोप धाडला, आपली रिकामी पोती घेऊन जा. मी गेलो. त्याच दिवशी प्रोफेसर पुन्हा आले होते; शेवटचं वजन करायला, एकटेच. मोहाच्या फांदीला मोठा काटा टांगला होता आणि खाली दोरांवर लाकडी पाट. ज्या माणसांना आधी मोजलं होतं त्यांना एकेक करून पाटावर बसवत होते. मला पाहून त्यांनी राग धरला नाही. उलट जवळ बोलावलं. त्या वेळी पाटावर रैनू होता.

"पाहा शेटजी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जसाच्या तसा! एक छटाकही घटलेला नाही. मला तुमचं समाधान व्हायला हवं होतं."

मी म्हटलं, "साहेब, याची पोरगी गेली. होळीच्या आधी."

त्यांनी चष्मा काढला. चेहरा उतरला त्यांचा; सोंग नव्हतं. "ती लहानगी? ताप उलटला का?"

"तापानं नाही गेली. ताप तुमच्याच गोळ्यांनी उतरला होता. सुकून गेली. शीग पोरांची असते, साहेब. तुम्ही बापांना मोजलं."

ते चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले. मोहाखाली वाळकी पानं इकडची तिकडे होत होती. मला वाटलं, आता उमजलं यांना. आता हा माणूस तोंडून एक शब्द काढेल आणि मी सगळं सोडून देईन, मक्ता, अपमान, सगळं. मग ते हळू आवाजात, समजुतीने, माझ्या भल्यासाठीच बोलल्यासारखे म्हणाले, "फार वाईट झालं. पण शेटजी, तिचं वजन आधी कोणी घेतलं नव्हतं. आधीचं वजन नसेल तर ती सुकली असं म्हणता येत नाही. केवढी होती ती, याची काही नोंदच नाही आपल्याकडे."

रैनू पाटावरच बसला होता. त्याला वाटलं, त्याला विचारलं.

"येवढी होती जी," तो म्हणाला आणि एक हात दोरावरून काढून जमिनीपासून वर नेला. हाताकडे पाहिलं. मग किंचित खाली आणला. "नाई. येवढी."

प्रोफेसर काट्याकडे पाहत होते. रैनूच्या हालण्याने काटा डोलायला लागला होता.

"हलू नको," ते म्हणाले.